मनावर ताबा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी विज्ञानकथांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. परग्रहांशी आपला काय संबंध? पण या कथांतला एक विषय अगदी आपल्या माझगावातल्या गॅलरीतला आहे: दुसऱ्याचे मन ताब्यात घेणे, आणि एकट्या माणसाने त्याला नकार देणे.

मॅडेलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी १९६२ सालची. तीत एका ग्रहावर एक प्रचंड मेंदू सर्वांची मने चालवितो. दारोदारी मुले एकाच तालात चेंडू आपटतात. एकाचा ताल चुकतो, तशी त्याची आई घाबरून त्याला आत नेते. नायिका मेग आपल्या धाकट्या भावाला त्या मेंदूच्या तावडीतून सोडविते, ती केवळ मायेच्या बळावर. ऑर्वेलच्या ‘१९८४’ या १९४९ च्या कादंबरीत मात्र विन्स्टन हरतो; छळापुढे तो आपल्या ज्यूलियावरच उलटतो. दोन्हीकडे कसोटी एकच: आपल्या माणसाला धरून राहता येते का?

मन वळविण्यास छळच लागतो असे नाही. मोठे नावही पुरते. म्हणून तर जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली, आणि अक्षरही मंगलाताईंचे! पहिले बक्षीस कथेला मिळाले, नावाला नव्हे.

मी मात्र नावाला भुलले. गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर निरोप आला की, आपल्या नाक्यावरची कोळीण मासळीला औषध लावते. खाली कोणा डॉक्टरांचे नाव होते. मी तो सर्वांना धाडला. चार दिवस तिची पाटी भरलेलीच राहिली. तिने विचारले, “बाय, वीस वर्षांत माझी मासळी कधी खराब निघाली का?” मला उत्तर देता येईना.

मग मी सर्वांदेखत तिच्याकडून बोंबील घेतले, आणि शहानिशा न करता निरोप धाडल्याची चूक लिहून कबूल केली. काहीजणी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ते सोसवले, तिचा प्रश्न अजून सोसवत नाही.

भगिनींनो, पुढचा निरोप धाडण्यापूर्वी तो ज्या माणसाविषयी आहे, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.