शेलापागोटी आणि मुलांची भविष्ये

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात खडकी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोच उत्पन्न झाला. येथे पदवीधर आहेत, अभियंते आहेत, परदेशी जाऊन आलेली मंडळी आहेत. आम्ही केवळ मॅट्रिक. १९७५ साली जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या एकाच वर्षी परीक्षेस बसल्या. त्या नव्या दहावीच्या पहिल्या तुकडीत आम्ही होतो. पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकविण्यात सारी नोकरी सरली. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही. परंतु एक काम शाळेने आमच्या गळ्यात घातले होते व ते आम्ही तीस वर्षे केले. ते म्हणजे दहावीच्या निरोपसमारंभातील शेलापागोटी निवडण्याचे. त्याच विषयावर बोलावे असे योजिले आहे.

नव्या पिढीस शेलापागोटी हा शब्द कदाचित परका वाटेल. फिशपाँड म्हटले की लगेच ओळख पटते. इंग्रजी जत्रेत खोट्या तळ्यात गळ टाकून बक्षीस काढण्याचा एक खेळ असतो, त्याचे हे नाव. आपल्या शाळा-महाविद्यालयांत बक्षिसाच्या जागी चिठ्ठी आली आणि चिठ्ठीत थट्टेच्या दोन ओळी. मराठीत त्यास शेलापागोटे हे नाव मिळाले, तेही मोठे मार्मिक. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. ज्याची थट्टा करावयाची त्यास भरसभेत मानवस्त्रे द्यावयाची, म्हणजे थट्टेलाही मानाची किनार असली पाहिजे, हा अर्थ त्या शब्दातच आहे. आम्हांस तो शब्द इंग्रजी शब्दाहून अधिक शहाणा वाटतो.

आणि ही रीत काही साहेबाने आपणांस शिकविली असे नव्हे. लग्नात रुखवताच्या वेळी विहिणीची फिरकी घेणारी गाणी आपल्या आज्या-पणज्या म्हणत असत. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा ज्येष्ठांनी पाहिला असेल. नाथमहाराजांनी त्या पिंगळ्यावर आणि जोशावरही भारुडे रचली. थट्टा करणे आणि भविष्य सांगणे या दोन्ही गोष्टी आपल्या अंगणातल्याच. दहावीच्या निरोपसमारंभात त्या दोन्ही एकत्र येतात, इतकेच.

समारंभाच्या आधी आठ दिवस शाळेच्या व्हरांड्यात एक खोका ठेवीत. वरच्या बाजूस चीर पाडलेली. त्यात मुलामुलींनी निनावी चिठ्ठ्या टाकावयाच्या. सातव्या दिवशी तो खोका आमच्या घरी येई आणि आमच्या सौभाग्यवतींच्या शब्दांत सांगावयाचे तर 'घरात उंदीर शिरल्यासारखे' आम्ही रात्रभर एकटेच खिदळत असू. झोपाळू विद्यार्थ्यास एकदा असे शेलापागोटे आले होते:

कारखान्याचा भोंगा वाजे, सारी खडकी जागी होई;
आमचा मित्र कूस बदले, म्हणे, 'सुटीची का घंटा ही?'

दुसऱ्या एकास, जो वर्षभर उसनवारीवर शिकला, त्यास असे:

पेन याचे, शाई त्याची, वही तिसऱ्याच्या घरची;
बँकेत लावा याला नोकरी, ठेव सांभाळील दुसऱ्याची.

मास्तरांचीही सुटका नसे. 'आता शेवटचे सांगतो' असे तासाला चार वेळा म्हणण्याची आम्हांस खोड. त्यावर एका पठ्ठ्याने लिहिले की, सरांचे शेवटचे सांगणे पुढच्या वर्षी संपते. ही चिठ्ठी आम्ही स्वतः वाचून दाखविली. सभागृहात जो हशा पिकला तो आमच्या सेवानिवृत्तीच्या सत्काराहूनही आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आम्हांस स्वतःलाही १९७५ साली शेलापागोटे मिळाले होते. शाळेत उशिरा पोहोचण्यात आमचा हातखंडा. वर्गबंधूंनी भविष्य वर्तविले की, हा पुढे खडकीचा स्टेशनमास्तर होईल आणि स्वतः पोहोचेपर्यंत डेक्कन क्वीन रोखून धरील. १९३० साली सुरू झालेली ती राणी खडकीस थांबत नाही, हे येथे कोणास सांगावयास नको. आम्ही स्टेशनमास्तर झालो नाही. नुसते मास्तर झालो. अर्धे भविष्य खरे ठरले असे मित्र अजूनही म्हणतात.

मुलांच्या त्या भविष्यांकडे आता मागे वळून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुले आपल्या खिडकीतून जे दिसते त्याचेच भविष्य करतात. खडकी ही पेशवाईच्या शेवटच्या युद्धातील ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईची भूमी. पुढे येथे छावणी वसली, १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला, १९४० साली स्फोटकांचा. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र येथे, रेल्वे येथे, किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना येथे. म्हणून आमच्या खोक्यातील निम्म्या भविष्यांत कोणी कारखान्यात फोरमन होई, कोणी सुभेदार, कोणी किर्लोस्करांच्या इंजिनावर बसून आळंदीस जाई. हिंजवडी हे तेव्हा शेतांचे गाव होते. तेथे जाऊन आपली मुले संगणकापुढे बसतील, असे एकाही चिठ्ठीत आले नाही. आणि ज्या कारखान्यातील नोकरी म्हणजे ध्रुवाचे अढळपद असे आम्ही मानीत होतो, त्याचे तरी काय झाले? १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि आपला दारूगोळ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेला. सांगण्याचा हेतू एवढाच की, भविष्य वर्तविण्याच्या बाबतीत दहावीची मुले आणि त्यांचे वडीलधारे यांत फारसा फरक नाही. दोघेही चुकतात. मात्र मुले ती चूक हसत करतात आणि आपण गंभीर चेहऱ्याने करतो.

येथे आम्हांस आमच्या हातून घडलेल्या एका गोष्टीची कबुली द्यावयाची आहे. ज्या व्यक्तीशी ती संबंधित आहे तिची संमती घेतली आहे. नाव सांगणार नाही.

१९९० सालची गोष्ट. त्या वर्षी चिठ्ठ्यांबरोबर पंचवीस वर्षांनंतरचे, म्हणजे २०१५ सालचे, एक काल्पनिक वर्तमानपत्र हाताने लिहून काढावे अशी कल्पना निघाली. मजकूर मुलांनी दिला, संपादक आम्ही. वर्गात गणितात पहिली येणारी एक मुलगी होती. अबोल, मागच्या बाकावर बसणारी. तिच्याविषयी कोणीच काही लिहिले नव्हते. रकाना रिकामा राहू नये म्हणून आम्हीच लिहिले: 'सुप्रसिद्ध गणितज्ञ श्रीमती अमुक यांच्या पोळीची त्रिज्या सर्व बाजूंनी समान असते, असे प्रशस्तिपत्र त्यांच्या सासरच्या मंडळींनी दिले आहे.' वाचून दाखविले तेव्हा सर्व सभागृह हसले. ती हसली. तिसऱ्या रांगेत बसलेले तिचे वडीलही हसले. आम्ही मनाशी म्हणालो, काय सुरेख वाक्य जमले!

निकाल लागला. मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. अकरावीस काही गेली नाही. दोन वर्षांत लग्न झाल्याचे कानांवर आले. अशा गोष्टी घडतच असत, म्हणून आम्ही त्याचा विचारही केला नाही.

२००८ साली एके दिवशी ती शाळेत आली. बारावीस बाहेरून बसावयाचे होते. सतरा नंबरचा फॉर्म भरावयाचा म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. आम्ही ओळखले, बसविले, चहा मागविला आणि थट्टेने विचारले, "काय ग बाळ, त्रिज्या अजून समान आहे ना?"

ती हसली. मग म्हणाली, "सर, अकरावीचा विषय निघाला तेव्हा आई माझ्या बाजूने होती. बाबा म्हणाले, मास्तरांनाही ठाऊक आहे की हिला शेवटी पोळ्याच लाटायच्या आहेत. त्यांनी लिहूनच दिलंय."

आम्ही काय बोलणार? "मला तसे म्हणायचे नव्हते," एवढेच कसेबसे पुटपुटलो.

ती म्हणाली, "ठाऊक आहे सर. बाबांना कारण हवंच होतं. तुम्ही ते लिहून दिलंत इतकंच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. तिने दाखला घेतला, नमस्कार केला आणि गेली. त्या दिवशी पुढच्या तासाला आम्ही फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिलो, एवढे आठवते.

ज्ञातिबांधवहो, तिची गोष्ट येथे संपत नाही. वाणिज्य शाखा घेऊन ती बारावी झाली. पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जे १९८९ साली स्थापन झाले, त्याची पदवी तिने घरचे सर्व करून मिळविली. आज ती हिशेबनिसाचे काम करते. परंतु जी मुलगी सोळाव्या वर्षी अकरावीस जावयाची, तिला बारावीस बसण्यास चौतिसावे वर्ष उजाडले. मधल्या अठरा वर्षांची भरपाई कोणत्याही विद्यापीठाच्या हाती नाही. आमच्या तर नाहीच नाही.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत खोका घरी आला की आम्ही चार कसोट्या लावीत असू. पहिली, थट्टा देहव्यंगाची, रंगाची वा बोबडेपणाची नसावी. दुसरी, आईबापांच्या धंद्याची, जातीची वा गरिबीची नसावी. तिसरी, मुलीचे भविष्य केवळ सासर आणि स्वयंपाकघर एवढ्यावर आटोपलेले नसावे. चौथी, ज्याची थट्टा केली त्यास तेथेच उभे राहून उत्तर देण्याचा हक्क असावा. या चौकटीत बसली ती चिठ्ठी वाचावयाची, बाकीच्या बंबात. आपणांस वाटेल की मग हसावयास उरले काय? पुष्कळ उरले. उशिरा येणे, झोपणे, उसने मागणे, परीक्षेच्या आदल्या रात्री देव आठवणे, ही सारी जी माणसाने स्वतः जोडलेली व मनात आणल्यास सोडता येण्यासारखी लक्षणे, त्यांचा साठा कधी संपत नाही. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' प्रसिद्ध करून भल्याभल्या कवींची रेवडी उडविली. अत्रे स्वतः पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक होते, म्हणजे आपल्यासारख्याच छावणीच्या वस्तीतले मास्तर. त्यांनी थट्टा केली ती कवींच्या लिहिण्याच्या तऱ्हेची. ज्याची थट्टा करावयाची त्याच्या कलेचा आपणही अभ्यास केलेला असावा, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

काही शाळांतून हल्ली हा प्रकारच बंद करावा असे म्हणतात. आम्ही त्या मताचे नाही. वर्षभर एका बाकावर बसलेली मुले उद्या पांगणार असतात. त्यांना रडू येत असते आणि रडण्याची लाज वाटते. म्हणून ती हसतात. ते हसू काढून घेऊ नये. फक्त एक सावधगिरी आज अधिक हवी. पूर्वी चिठ्ठी वाचली, हशा झाला, कागद बंबात गेला. आज शेजारी बसलेला मुलगा भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करतो आणि ते रात्रीपर्यंत दोनशे घरांत पोहोचते. आमचा एक कागद एका बापाच्या हाती लागला तर अठरा वर्षे गेली. आजचा कागद जळत नाही.

आता आपल्या मंडळाविषयी. निरोपसमारंभ वर्षातून एकदा होतो; घरातील शेलापागोटी रोज वाटली जातात. 'हा काय दिवे लावणार', 'ही परक्याचे धन', 'गणित म्हणजे आपल्या घराण्यात नाहीच', ही भविष्ये आपण जेवताना, पाहुण्यांसमोर, सहज हसत बोलतो. मूल हसते. आपणांस वाटते, त्याने मनावर घेतले नाही.

आणि आजच्या या समारंभाकडे पाहा. ज्यांना पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक गुण मिळाले त्यांनाच व्यासपीठावर बोलाविले आहे. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु पन्नास टक्के मिळविणारे मूलही आज याच सभागृहात मागे बसून टाळ्या वाजवीत आहे. त्याचे नाव न पुकारणे हेही एक भविष्यकथनच नव्हे काय?

म्हणून दोन नम्र सूचना. पुढील वर्षापासून जे दुसऱ्या वा तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, त्यांचाही गौरव याच व्यासपीठावर व्हावा. आणि आपल्या ज्ञातीतील ज्या भगिनींचे वा बंधूंचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी वा बारावीस बसावयाचे असल्यास, परीक्षेचे शुल्क व पुस्तके मंडळाच्या विद्यार्थी निधीतून द्यावीत. वयाची अट ठेवू नये. या कामी पहिल्या दोघांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. हे दान नव्हे. जुने देणे आहे. फॉर्म भरण्यास मदत हवी असेल त्याने आमच्या घरी केव्हाही यावे. सकाळी लवकर नको. उशिरा उठण्याची आमची सवय १९७५ पासून तशीच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस या वर्षी जी शेलापागोटी मिळाली असतील ती जपून ठेवा. त्यांतील जी गोड असतील ती पंचवीस वर्षांनी काढून मित्रांसह वाचा. जी बोचली असतील ती खोटी पाडा. आम्ही मास्तर लोक पुष्कळदा चुकतो.

आता शेवटचे सांगतो. नाही, खरोखरच शेवटचे. आम्ही आमचे भाषण पुरे करतो.