टेबलावरचा खंडाळ्याचा घाट



पुणेकरांचं आगगाडीवर प्रेम आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस आपण स्टेशनवर केक कापून साजरा करतो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभारलं, ते १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, रस्ते, पूल, अख्खं एक शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या! तिथे मुलांइतकेच आजी-आजोबाही रमतात. या पाहण्याच्या पुढची पायरी म्हणजे आपली गाडी आपण बांधणं. त्यासाठी लेगोचे ठोकळे हे फार चांगलं साधन आहे. आज त्याविषयी बोलतो.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९६६ साली पहिली आगगाडी आणली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं १६७६ मिलिमीटर. भागाकार करा, जवळपास ४५ येतात. म्हणजे आपली गाडी खऱ्या गाडीच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाची हवी. डेक्कन क्वीनचा आजचा डबा ३.२४ मीटर रुंद आहे. त्याचा पंचेचाळिसावा हिस्सा ७२ मिलिमीटर. ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, ८ मिलिमीटरवर असतात. डब्याची रुंदी बरोबर नऊ स्टड! हे गणित जुळतं तेव्हा होणारा आनंद तयार खेळण्यात मिळत नाही.

लांबी मात्र अडवते. खरा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे आपला ५२ सेंटिमीटरचा. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या फक्त ३२ सेंटिमीटर. एवढा लांब डबा वळला, की त्याचं पोट चार सेंटिमीटरहून जास्त आत सरकतं आणि टोकं बाहेर येऊन फलाटाला घासतात. म्हणून हौशी मंडळी डबे आखूड करतात आणि चाकांच्या बोगी फिरत्या ठेवतात. खऱ्या रेल्वेची वळणं एवढी विस्तीर्ण का, आणि वळणावरच्या फलाटाशी डब्याची फट मोठी का, हे मग मुलाला सांगावं लागत नाही.

आता खंडाळ्याचा घाट. कर्जत ते लोणावळा हा चढ १८६३ पासून गाड्या चढताहेत. तिथली चढण ३७ फुटांना एक फूट अशी आहे. लेगोचा सरळ रूळ १२८ मिलिमीटर लांब, आणि सर्वात पातळ ठोकळा, म्हणजे प्लेट, ३.२ मिलिमीटर जाड. प्रत्येक रुळाखाली एकेक प्लेट वाढवत गेलात, की चाळिसाला एक असा चढ तयार होतो. जवळजवळ खंडाळ्याचा घाटच!

त्यावर लांब गाडी चढवून पाहा. लेगोचे डबे लोहचुंबकाने जोडलेले असतात. सगळ्या गाडीचा भार इंजिनामागच्या पहिल्या जोडावर येतो आणि तो जोड सुटतो. उपाय काय? मागून दुसरं इंजिन लावायचं. कर्जतला गाडी थांबवून मागे बँकर इंजिनं जोडतात, ती याच कारणासाठी. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांपुढची अडचण दहा वर्षांच्या मुलीपुढे येते आणि तिला तोच उपाय सुचतो. या छंदाचं मोल मी यातच मानतो.

हे ठोकळे महाग आहेत, हे खरं. पण दोन-तीन कुटुंबांनी, एखाद्या सोसायटीने किंवा शाळेने मिळून संच घेतला, तर तो अनेक वर्षं पुरतो. पालकांना माझी विनंती आहे: मुलांना आधी कोथरूडचं संग्रहालय दाखवा. नंतर घरी तयार आकृती बाजूला ठेवून कागद, पेन्सिल आणि पट्टी त्यांच्या हाती द्या. हिशेब त्यांना करू द्या, गाडी घसरली तर कारण त्यांनाच शोधू द्या. आपण शेजारी बसावं आणि विचारलं तरच सांगावं.