पुष्परांगोळीची पूर्वतयारी



केरळात ओणमच्या दिवसांत अंगणात फुलांची रांगोळी रेखतात. तिला ‘पूक्कळम’ म्हणतात. चिंगम महिन्यातील हस्त नक्षत्रापासून श्रवण नक्षत्रापर्यंत, म्हणजे ‘अत्तम’पासून ‘तिरुवोणम’पर्यंत, दहा दिवस ती वाढत जाते. आरंभ मोजक्या फुलांनी होतो. तुंब्याच्या शुभ्र फुलांना त्यात विशेष मान.

फुले आणण्याचे काम परंपरेने मुलांचे. पहाटे परड्या घेऊन ती बांधाबांधाने हिंडत. तुंबा कोठे उगवतो, कोणती कळी उद्या उमलेल, हे त्यांना हिंडताना आपोआप उमगे. पुढे शेते, मोकळ्या जागा आटल्या आणि कर्नाटकातील गुंडलुपेट, तमिळनाडूतील तोवाळै येथून फुलांच्या गोण्या येऊ लागल्या. रांगोळी मोठी झाली. मुलांचे काम मात्र पाकळ्या पसरण्यापुरते उरले.

अलीकडे ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांनी ओणमसाठी गावोगावी झेंडू लावण्यास आरंभ केला आहे. मुलांच्या उद्यान मंडळांनाही हा मार्ग मोकळा आहे. झेंडूला बियाण्यापासून फुलापर्यंत साधारण दोन महिने लागतात. म्हणून विजयादशमीच्या रांगोळीचे बी आषाढअखेर पेरावे. रोप जगविणे, कीड निवारणे, पावसात आधार देणे, ही त्या रांगोळीचीच अंगे होत.

रांगोळी कोमेजते, पण झाडावर राखलेली काही फुले वाळू द्यावीत. त्यांतील बी मुलांनी स्वहस्ते पुडीत बांधून ठेवावे. पुढील वर्षीच्या रांगोळीचा आरंभ तेथूनच होतो.