मूळ भूमी आणि आपली मुले



टाउनस डोंगरांच्या पायथ्याशी, फ्रँकफुर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये जर्मनीच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या आपणा मराठी बंधू-भगिनींचे स्वागत समितीच्या वतीने मी मनःपूर्वक स्वागत करतो. शेअर बाजाराच्या उंच इमारतींमुळे हे गाव नवे वाटते. पण लॉर्शच्या मठाच्या दफ्तरात ते इ.स. ७७० पासून आहे आणि इथल्या मातीत पाचव्या शतकातली आलेमानी या प्राचीन जर्मन टोळीतल्या लोकांची थडगी सापडली आहेत. आज या जुन्या गावात आपलीही घरे आहेत.

आपला विषय आहे मूळ भूमीचा शोध. त्याचे एक उदाहरण अमेरिकेतले. १८४८च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि तिथले मेक्सिकन आपल्याच घरात परके ठरले. १९६९मध्ये डेन्व्हरच्या युवक परिषदेत चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांनी अझ्टेकांच्या पुराणकथेतल्या ‘अस्तलान’ या मूळ भूमीचा उद्घोष केला. अस्तलान नेमके कुठे होते, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. तरीही त्या नावाने एका पिढीला ताठ मानेने उभे राहायला शिकवले.

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू बांधवांची वाट याहून वेगळी. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज आले, ही त्यांची परंपरा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते ‘शनिवार तेली’. १९४८नंतर हजारो जण इस्राएलला गेले. पण पूर्वजांच्या त्या भूमीतही त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४मध्ये तिथल्या सरकारने त्यांना पूर्ण मान्यता दिली. पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावे घेऊन गेलेल्या या माणसांनी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवले. एका भूमीवर हक्क सांगण्यासाठी दुसरी सोडावी लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवले.

इथे जर्मनीत जन्मलेल्या आपल्या मुलांनाही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे वारंवार विचारले जाते. त्यांना पूर्ण उत्तर देता यावे, ही आपली जबाबदारी आहे. म्हणून माझी विनंती: आजी-आजोबांचे गाव, त्यांचा व्यवसाय, घर सोडण्याचे कारण, इथवरचा प्रवास, हे सारे प्रत्येक कुटुंबाने मुलांच्या मदतीने लिहून काढावे. गाव सोडायला लावणारा दुष्काळ किंवा दारिद्र्यही त्यात लपवू नये. मुलांना खरा इतिहास हवा आहे आणि तो पेलण्याची ताकद त्यांच्यात आहे.

या कामाला आजच सुरुवात करू या.