रॅम तापतेय? आधी जाळी बघा!

आजचा विषय भिवंडीच्या गेमर्ससाठी: तापलेली रॅम.

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड तापलं की स्वतःचा वेग कमी करतं. रॅम मात्र गपचूप चुकीचा डेटा देते. मग गेम मध्येच बंद, निळी स्क्रीन, आणि कधीकधी सेव्ह केलेली फाईलच खराब. त्याच पीसीवर कॉलेजचा प्रोजेक्ट असतो ना?

डीडीआर५ रॅम असेल तर स्टिकवरच सेन्सर असतो. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावा, अर्धा तास गेम खेळा, आकडा बघा. मेमरी चिपची नेहमीची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस. पण एक्सएमपी चालू असेल तर त्याच्या बऱ्याच आधी एरर येऊ शकतात. मूळ व्होल्टेज १.१, एक्सएमपीत अनेक किट १.३५ किंवा १.४ वर चालतात.

आता उपाय, फुकटातला आधी. आपलं गाव पॉवरलूमचं. कापसाचे बारीक तंतू उडतात आणि केसच्या जाळीवर थर धरतात. पीसी बंद करा, जाळी काढून ब्रशने साफ करा. मग पंखे तपासा: गार हवा पुढून आत, गरम हवा मागून-वरून बाहेर. नाहीतर ग्राफिक्स कार्डची गरम हवा रॅमभोवतीच घुटमळते.

तरी क्रॅश होतंय? एक्सएमपी बंद करून तोच गेम खेळा. थांबलं, तर कारण सापडलं. नाही थांबलं, तर रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एरर दिसले की एकेक स्टिक वेगळी तपासा आणि खराब निघेल ती वॉरंटीत द्या.

थोडे एफपीएस गेले तर चालतील. फाईल गेली तर काय करणार? भेटू पुढच्या भागात!