गोल बसतो, पण…



डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या दलित बायकांना सांगितलं, की जात ओळखू येईल असं नेसणं आणि जड दागिने सोडा. बायकांनी लुगडं नेसायची पद्धत लगेच बदलली. प्रश्न कपड्यांपुरता नव्हता. खूण दिसली की एकीचा आवाज चढतो, दुसरीची मान आपोआप खाली जाते. सत्ता अशी दोघींच्याही मनात बसते.

बचत गटात आपण गोल बसतो, कोणी वर-खाली नको म्हणून. तरी न सांगता दाराजवळ कोण बसतं? कोणाच्या घरचा चहा आपण टाळतो? कर्ज ठरवताना कोणाला विचारायचं राहून जातं?

पुढची बैठक त्या ताईंच्या घरी घेऊ. चहा तिथेच पिऊ. आणि ठरावावर पहिलं त्यांनाच बोलू देऊ.