अनुस्वार कुठे गेला?



अनुस्वाराची किंमत कवीला विचारावी. माझ्या कवितांची मुद्रितं मी घरच्या संगणकावर तपासली. पुस्तक छापून आलं आणि पाहतो तर एका ओळीत ‘रंग’चा ‘रग’ झालेला! वय झालं म्हणायचं, म्हणून डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. मग नवा मॉनिटर घ्यायला निघालो, तेव्हा मुलीने मॉनिटरच्या मागे डोकावून पाहिलं. म्हणाली, “अब्बा, दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, ह्या केबलचा आहे.”

ती केबल व्हीजीएची होती. टोक निळं, तीन ओळींत पंधरा पिना आणि दोन्ही बाजूंना आवळायचे स्क्रू. आयबीएमने १९८७ साली ही पद्धत आणली, तेव्हा मॉनिटर काचेच्या नळीचे होते. हिच्यातून चित्र जातं ते विजेच्या कमीजास्त होणाऱ्या दाबातून. आजचा सपाट मॉनिटर मात्र आकड्यांवर चालतो. म्हणजे संगणकाने आकड्यांचा दाब करायचा आणि मॉनिटरने त्या दाबाचे पुन्हा आकडे करायचे. अनुवादाचा अनुवाद! त्यात केबल लांब किंवा हलकी असली, की अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि बारीक टिंबं हरवतात.

पुढे १९९९मध्ये डीव्हीआय आली. तिने आकडे थेट नेण्याची सोय केली. २००२च्या एचडीएमआयमधून चित्रासोबत आवाजही जाऊ लागला. टीव्हीच्या मागे असते ती हीच. २००६मध्ये डिस्प्लेपोर्ट आली. तिच्या टोकाचा एक कोपरा छाटलेला असतो, त्यावरून ती ओळखावी.

आता खरेदीविषयी. दुकानात जाण्याआधी संगणक आणि मॉनिटर दोन्हींच्या मागचा फोटो काढून न्या. एचडीएमआयचा संगणक जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडायचा, तर नुसती केबल चालत नाही. रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. तो साधारणपणे एकाच दिशेने काम करतो, तेव्हा कुठून कुठे न्यायचं ते दुकानदाराला स्पष्ट सांगा. यूएसबी-सीचं छोटं टोक दिसलं म्हणून हुरळू नका. अशा प्रत्येक पोर्टमधून चित्र येतंच असं नाही, आणि मोबाइल चार्ज करणाऱ्या अनेक केबल चित्र नेत नाहीत.

आणि सोन्याच्या मुलाम्याला भुलू नका. एचडीएमआयची दीड-दोन मीटरची साधी, नीट बनवलेली केबल घरकामाला पुरते. तिच्यात बिघाड असेल तर चित्र लुकलुकतं किंवा जातं. महाग केबलने अक्षर अधिक ठळक होत नाही.

माझ्या मॉनिटरला डीव्हीआय होतं आणि संगणकाला एचडीएमआय. चित्रापुरती या दोघांची भाषा एकच, म्हणून एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशी साधी केबल पुरली. नव्या मॉनिटरचे पैसे वाचले. तीच मुद्रितं पुन्हा उघडली, तर ‘रग’ लगेच नजरेला खुपला. पुस्तकातली चूक मात्र आता दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तशीच राहणार.

म्हणून सांगतो, डोळ्यांना दोष देण्याआधी एकदा मॉनिटरच्या मागे पाहा.